आबांची वेलर घोडी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

वयाच्या साठाव्या वर्षी मी परदेशात जाऊन तीन आठवडे घोड्यांची लीद उचलली. पगार काही नाही. दोन वेळचं जेवण, राहायला एक खोली आणि सकाळ-संध्याकाळ चहा, एवढ्यावर. हे ऐकून आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले, 'अहो, एवढ्यासाठी ऑस्ट्रेलियाला कशाला जायचं? लीद काय इथं मिळत नव्हती?' त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर द्यायचं तर मला माझ्या आजोबांपासून सुरुवात करावी लागेल.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, अहमदनगरला लष्कराच्या रिमाउंट डेपोत मोतद्दार होते. तेव्हाचं अहमदनगर म्हणजे आताचं अहिल्यानगर. रिमाउंट डेपो म्हणजे लष्कराची मोठी पागाच. नवे घोडे तिथं यायचे, त्यांना माणसाची, खोगिराची, बंदुकीच्या आवाजाची सवय करून मग पलटणींकडे पाठवलं जायचं. आबा १९१९ साली, अठराव्या वर्षी तिथं लागले. पुढे लष्करात घोड्यांच्या जागी मोटारी आल्या, नोकरी गेली आणि आबा टांगा चालवू लागले. मला आठवतात ते टांगेवाले आबाच.

संध्याकाळी ओसरीवर बसून ते जुन्या गोष्टी सांगायचे. त्यात एका घोडीची गोष्ट हमखास असायची. कुमैत रंगाची, कपाळावर चांदणी, उंच, रुंद छातीची. 'वेल्लर घोडी होती,' आबा म्हणायचे. 'ऑस्ट्रेलियाची. लढाई बघून आलेली. कानाशी बंदूक उडवली तरी कान हलायचा नाही तिचा.'

१९७७ सालची गोष्ट. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता आणि इतिहास मला एकट्यालाच कळतो, अशी माझी समजूत होती. घरी पाहुणे आले होते. आबांनी घोडीची गोष्ट काढली. मी मध्येच म्हणालो, 'आबा, घोडे अरबस्तानातनं यायचे. ऑस्ट्रेलियात कांगारू असतात. आणि तिथं कुठली लढाई झाली? तुम्ही ऑस्ट्रियाचं नाव ऐकलं असेल, पहिलं महायुद्ध तिथनं सुरू झालं.' पाहुणे हसले. आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, 'असंल बाबा, तू शिकलेला हाईस,' एवढंच म्हणाले आणि टांग्याच्या घोड्याला वैरण टाकायला उठून गेले. त्यानंतर मी असताना त्यांनी ती गोष्ट कधी काढली नाही. पुढच्याच वर्षी ते वारले.

मी मात्र इतिहासाचा शिक्षक झालो. तीसएक वर्षं मुलांना पहिलं महायुद्ध शिकवलं. साराजेव्हो, खंदक, व्हर्साय. त्यात घोडा कुठेही आला नाही.

निवृत्तीनंतर २०१८ साली मुलीकडे मेलबर्नला गेलो. दोन महिने नुसतं बसून काय करणार? मुलगी म्हणाली, 'बाबा, इथं शेतावर राहून काम करायची पद्धत आहे. तुम्ही त्यांना हात लावायचा, ते तुम्हाला जेवूखाऊ घालतात.' ही पद्धत मूळची इंग्लंडची. १९७१ साली लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करणाऱ्या स्यू कॉपर्ड नावाच्या बाईंना वाटलं, आपल्यासारख्या शहरी माणसांना शनिवार-रविवारी शेतावर राबायला मिळालं तर? पहिल्या खेपेला चौघंच जण गेले. पुढे ती कल्पना देशोदेशी पसरली. दिवसाला चार ते सहा तास काम आणि त्या बदल्यात राहणं-जेवण, असा साधारण हिशेब. पैशाचा व्यवहार नाही. आपल्याकडे पूर्वी सुगीला एकमेकांच्या शेतात इरजिक घालायचे, त्याचीच ही दूरची बहीण म्हणा ना!

मुलीच्या ओळखीतल्या एका जोडप्याचा घोड्यांचा फार्म होता, मेलबर्नपासून उत्तरेला तीन तासांवर. अमेरिकेत ज्याला रँच म्हणतात, त्याला ऑस्ट्रेलियात मोठं असेल तर 'स्टेशन' म्हणतात. मला पहिल्यांदा वाटलं, गाडी कुठल्या फलाटावर येते ते विचारावं! हा फार्म तसा लहान, चौदा घोड्यांचा. नवरा-बायको दोघंही माझ्याच वयाची. पहिल्या संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून बाई एकेका घोड्याची ओळख करून देत होत्या आणि म्हणाल्या, 'हे सगळे वेलर आहेत.'

मी त्यांना तो शब्द पुन्हा उच्चारायला सांगितला. त्यांनी उच्चारला. चाळीस वर्षांनी तो शब्द माझ्या कानावर पडला होता, तोही जवळपास दहा हजार किलोमीटरवरच्या एका गोऱ्या बाईंच्या तोंडून नाही, तर आबांच्या तोंडूनच पडावा तसा. मी कुंपणाची फळी धरून उभा राहिलो.

आता हा वेलर म्हणजे कोण? त्या रात्रीपासून मी फार्मवरची पुस्तकं वाचायला लागलो. ए. टी. यारवुड या ऑस्ट्रेलियन इतिहासकाराने १९८९ साली वेलर घोड्यांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे. मुद्द्याची गोष्ट अशी, की वेलर हे नाव ऑस्ट्रेलियात जन्मलेलंच नाही. ते आपल्याकडे जन्मलं. न्यू साउथ वेल्स या वसाहतीतून येणारा घोडा, म्हणून हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी १८४०च्या दशकात त्याला 'वेलर' म्हणायला सुरुवात केली. पैठणची म्हणून पैठणी, तसा वेल्सचा म्हणून वेलर.

ऑस्ट्रेलियात मुळात घोडा हा प्राणीच नव्हता. जानेवारी १७८८मध्ये कैद्यांना घेऊन इंग्रजांची पहिली जहाजं तिथं पोचली, तेव्हा वाटेत आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपला घेतलेले, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके घोडे त्यांच्याबरोबर होते. पुढे अरबी आले, इंग्लंडचे शर्यतीचे आले, नांगराचे अवजड घोडे आले, तिमोर बेटाची तट्टं आली. या सगळ्यांच्या सरमिसळीतून, अफाट माळरानावर वाढलेला, मिळेल ते गवत खाणारा, कोसच्या कोस चालणारा एक घोडा तयार झाला. तो वेलर. म्हणजे शुद्ध जातिवंत असा तो नव्हताच. पण कामाला वाघ.

इंग्रजांना तो का हवा होता, हेही समजून घेण्यासारखं आहे. हिंदुस्थानात ईस्ट इंडिया कंपनीचं राज्य वाढत गेलं, तशी घोडदळाला आणि तोफखान्याला घोड्यांची चणचण भासू लागली. कंपनीने बिहारमध्ये पुसा इथं पैदासकेंद्र काढलं. तिथं १८०८ साली आलेला विल्यम मूरक्रॉफ्ट हा पशुवैद्य चांगल्या घोड्यांच्या शोधात हिमालय ओलांडून बुखाऱ्यापर्यंत गेला आणि १८२५ साली परतीच्या वाटेवर तिकडेच मरण पावला. एका चांगल्या घोड्यासाठी माणसं कुठवर जात, हे यावरून कळावं.

आपल्या महाराष्ट्रातही हा प्रयोग झाला. भीमाकाठच्या भीमथडी घोड्यांच्या टापांचा दरारा एके काळी अटकेपर्यंत होता. शिरूर तालुक्यात आलेगाव पागा नावाचं गाव आहे, त्या परिसरात कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पैदासकेंद्र चालवलं आणि पुढे गुंडाळलं. १८१८नंतर मराठ्यांच्या फौजा मोडल्या, पागा ओस पडल्या. घोडा पाळणाऱ्याला गिऱ्हाईक उरलं नाही. गिऱ्हाईक नसलं की घोड्याची जात मागे पडते. हा नियम पुढे वेलरलाही लागू होणार होता. (भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद मिळायला २०२४ साल उजाडावं लागलं.)

तर १८३०च्या दशकापासून ऑस्ट्रेलियाचे घोडे हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागू लागले. १८३४च्या सुमाराचं एक चित्र आहे. मद्रासच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियाहून आलेले घोडे उतरवले जात आहेत. मद्रासला तेव्हा बंदराचा धक्का नव्हता. मोठी जहाजं दूर समुद्रात उभी राहायची. चित्रात मसुला होड्या आहेत, कट्टुमरम आहेत, फेसाळ लाटा आहेत आणि त्यात हे घोडे. शिडाच्या जहाजात दीड-दोन महिने उभ्या उभ्या काढून आलेले. घोड्याला माणसासारखी उलटी करता येत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. त्यामुळे समुद्र खवळला की त्याच्या पोटात जे होतं ते पोटातच राहतं. कितीतरी घोडे वाटेतच दगावत आणि समुद्रात ढकलले जात. आबा सांगायचे, 'बोटीतनं उतरलेल्या घोड्याला दोन-चार दिवस जमीन हलतीया असंच वाटायचं. पाय रोवून उभा ऱ्हायचा बिचारा.' हे वाक्य मला फार्मवर आठवलं. ते कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. पाहिलेल्या माणसाचं होतं.

फार्मवरची कामं साधी होती, पण कंबर मोडणारी. सकाळी साडेसहाला पाण्याची कुंडं तपासायची. एप्रिल म्हणजे तिकडचा शरद ऋतू, उन्हाळ्याने गवत वाळून कोळ झालेलं. त्यामुळे वैरण घालायची. वैरणीत लसूणघास बघून मला अगदी गावी आल्यासारखं वाटलं. मग ढकलगाडी घेऊन कुरणातली लीद गोळा करायची. ती तशीच राहिली तर जंतांची अंडी गवतावर पसरतात आणि घोड्यांच्या पोटात जातात, म्हणून ती रोज उचलायची. एक घोडा दिवसाला वीस किलोच्या आसपास लीद टाकतो. चौदा घोड्यांचा हिशेब तुम्हीच करा. त्यानंतर खरारा, खूर उचलून आतली माती आकड्याने काढणं, आणि दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद यायचा, तेव्हा घोडा धरून उभं राहणं.

पहिल्या आठवड्यात खूर उचलताना एका घोड्याने माझ्या पायावर पाय दिला. बूट होता म्हणून बोटं वाचली. मालक लांबून ओरडले, 'तू त्याला विचारलं नाहीस!' म्हणजे काय, तर खांद्यापासून हात फिरवत खाली न्यायचा, घोड्याला कळू द्यायचं, मग पाय मागायचा. आणि मला आबांचा हात दिसला. टांग्याच्या घोड्याचा पाय उचलण्याआधी ते अस्संच करायचे. हात फिरवत 'दे बाळा' म्हणायचे. दुसऱ्या दिवशी मीही मराठीत 'दे बाळा' म्हणालो. त्या घोड्याने पाय दिला!

तिथं एक गंमतही झाली. एका घोड्याचे चारही पाय खाली पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा. मी म्हटलं, आमच्याकडे याला पंचकल्याणी म्हणतात, फार शुभ. मालक हसायला लागले. इंग्रजी समजुतीप्रमाणे चारही पाय पांढरे असलेला घोडा घेऊच नये! एकच घोडा एका देशात कल्याण करणारा आणि दुसऱ्या देशात टाकाऊ. घोड्याला यातलं काहीच माहीत नसतं.

आता लढाईकडे येतो, कारण माझी खरी चूक तिथं होती.

१८९९ ते १९०२ या काळातल्या बोअर युद्धासाठी ऑस्ट्रेलियातून सुमारे १६,००० घोडे दक्षिण आफ्रिकेत गेले. मग १९१४ साली महायुद्ध पेटलं. ऑस्ट्रेलियाची परदेशी लढलेली फौज पूर्णपणे स्वयंसेवकांची होती. सक्तीच्या भरतीसाठी १९१६ आणि १९१७ साली दोनदा जनमत घेतलं गेलं, दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. त्यांच्या लाइट हॉर्स नावाच्या घोडदळात पुष्कळ शेतकऱ्यांची पोरं स्वतःचा घोडा घेऊन यायची. घोडा पसंतीला उतरला तर सरकार तीसेक पौंडांना तो विकत घ्यायचं, त्याच्यावर सरकारी डाग द्यायचं आणि तोच घोडा त्याच पोराला स्वारीला मिळायचा. हे वाचताना मला आपले शिलेदार आणि बारगीर आठवले. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येतो तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. इंग्रजांनी हिंदी घोडदळात ही शिलेदारी पद्धत पहिल्या महायुद्धापर्यंत चालवली होती. लाइट हॉर्सचा जवान म्हणजे शिलेदार म्हणून येऊन बारगीर झालेला माणूस.

त्या युद्धात सव्वा लाखाहून अधिक ऑस्ट्रेलियन घोडे परदेशी गेले. त्यांची सगळ्यांत गाजलेली लढाई ३१ ऑक्टोबर १९१७ची, पॅलेस्टाइनमधल्या बीरशेबाची. तिथल्या विहिरी तुर्कांच्या ताब्यात होत्या. दिवस मावळायला आला होता आणि कित्येक घोड्यांना दिवस-दीड दिवस पाणी मिळालं नव्हतं. शेवटी लाइट हॉर्सच्या दोन रेजिमेंटचे सुमारे ८०० स्वार उघड्या मैदानातून भरधाव खंदकांवर तुटून पडले. त्यांच्याकडे तलवारी नव्हत्या, हातात नुसत्या संगिनी होत्या. गाव पडलं, विहिरी हाती आल्या. ३१ माणसं आणि किमान ७० घोडे कामी आले. पुढच्याच वर्षी २३ सप्टेंबरला त्याच मोहिमेत जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या लान्सर्सनी हैफा घेतलं. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातले तीन पुतळे जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबादच्या त्याच स्वारांचे स्मारक आहेत.

युद्ध संपलं. माणसं घरी निघाली. घोडे मात्र नाहीत. एक तर वाहतुकीचा खर्च, आणि दुसरं म्हणजे ऑस्ट्रेलियाचे रोगप्रतिबंधक नियम. परदेशी रोग देशात येतील या भीतीने घोड्यांना परत प्रवेश नव्हता. या नियमांचा कडकपणा मी अनुभवला आहे. विमानतळावर मी खरं सांगितलं, की मी फार्मवर जाणार आहे आणि माझे बूट गावच्या शेतातनं आलेत. त्यांनी बूट काढून घेतले आणि स्वच्छ धुऊन परत दिले. मी आनंदाने दिले, कारण एवढ्या मोठ्या देशातली जनावरं त्या शिस्तीमुळेच कितीतरी रोगांपासून वाचली आहेत. पण १९१९ साली त्याच शिस्तीची दुसरी बाजू होती.

एकच घोडा परत आला. सँडी त्याचं नाव. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डिव्हिजनचे सेनापती ब्रिजेस यांचा तो घोडा. ब्रिजेस मे १९१५मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत जखमी होऊन मरण पावले आणि सरकारने खास हुकूम काढून त्यांचा घोडा परत आणवला. तो नोव्हेंबर १९१८मध्ये मेलबर्नला पोचला आणि १९२३पर्यंत जगला. बाकीच्यांचं काय? म्हातारे, जखमी, निकामी घोडे गोळी घालून मारले गेले. काही स्वारांनी आपला घोडा परक्याच्या हाती जायला नको म्हणून स्वतःच गोळी घातल्याच्या कहाण्या आहेत, इतिहासकार त्यातल्या बहुतेक मानत नाहीत. उरलेल्या सुमारे ११,००० घोड्यांची विक्री झाली.

आणि ती कुणाला झाली? ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकाच्या माहितीत हे वाक्य मी तीनदा वाचलं. त्यातले बहुतेक घोडे हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेला, रिमाउंट म्हणून.

१९१९ साल. रिमाउंट. ऑस्ट्रेलियाची घोडी, लढाई बघून आलेली, बंदुकीच्या आवाजाला कान न हलवणारी. आबांच्या गोष्टीतला शब्द न् शब्द तिथं होता. चुकीचा मी होतो. माझ्या पुस्तकात ते पान नव्हतं, म्हणून मी साक्षीदारालाच खोटं ठरवलं होतं.

त्या घोड्यांपैकी जे हिंदुस्थानात आले, त्यांचं तसं बरं झालं म्हणायचं. इजिप्तमध्ये विकले गेलेले लष्करी घोडे कैरोच्या रस्त्यांवर गाड्या ओढत राहिले. १९३० साली डोरोथी ब्रुक नावाची इंग्रज बाई नवऱ्याबरोबर कैरोला आली. तिने पाहिलं, हाडांचे सापळे झालेले, आंधळे, लंगडे घोडे दगड वाहताहेत आणि त्यांच्या अंगावर लष्कराचे डाग आहेत. तिने १९३१ साली लंडनच्या एका वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. लोकांनी पैसे पाठवले. तीन वर्षांत तिने असे सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. बहुतेकांना शांत मरण देण्याखेरीज काही करता येण्यासारखं नव्हतं. १९३४ साली तिने कैरोत जनावरांसाठी मोफत दवाखाना काढला. त्या गरीब गाडीवानांनाही तिने दोष दिला नाही, हे मला विशेष वाटतं. टांगेवाल्याच्या नातवाला ते वाटणारच.

पुढे वेलरची कहाणी भीमथडीच्याच वाटेने गेली. हिंदी घोडदळाच्या पहिल्या दोन रेजिमेंटनी १९३८ साली घोडे सोडले आणि चिलखती मोटारी घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात बाकीच्यांनीही तेच केलं. आज अहिल्यानगरला रणगाड्यांचं प्रसिद्ध संग्रहालय आहे, १९९४ साली उघडलेलं. जिथं आबांनी घोड्यांना खरारा केला, त्याच गावात आता रणगाडे पाहायला शाळेच्या सहली येतात. मीही वर्गाला घेऊन अनेकदा गेलो होतो. मुलांना चिलखताची जाडी सांगितली, घोड्यांबद्दल अवाक्षर नाही!

तिकडे ऑस्ट्रेलियात गिऱ्हाईक गेल्यावर घोडे माळावर सोडून दिले गेले. ते रानटी झाले, वाढत गेले. १९८०च्या दशकात गुराढोरांमधला क्षय आणि गर्भपाताचा रोग हटवण्याची मोठी मोहीम चालू होती, कुरणं मोकळी करायची म्हणून मोकाट जनावरांवर हेलिकॉप्टरमधून गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वेळी काही माणसांच्या लक्षात आलं, की मध्य ऑस्ट्रेलियातल्या काही दूरच्या स्टेशनांवर जे कळप उरलेत, ते जुन्या वेलरचेच वंशज आहेत. १९८६ साली त्यांनी वेलर जपण्यासाठी संस्था काढली. ॲलिस स्प्रिंग्जजवळच्या टॉड रिव्हर डाउन्स या स्टेशनवरचे घोडे असेच वाचले. आमच्या फार्मवरच्या घोड्या त्यांच्याच नाती-पणती.

तुम्ही म्हणाल, मग सगळेच रानघोडे जपावेत का? हा प्रश्न तिथं घराघरांत भांडणं लावतो. कोशियुस्को नावाच्या डोंगराळ अभयारण्यात रानघोड्यांना वारसा म्हणून संरक्षण देणारा कायदा न्यू साउथ वेल्सने २०१८ सालीच केला. घोड्यांच्या टापांनी तिथल्या दलदली आणि झऱ्यांची माती होत होती, दुर्मीळ बेडूक-मासे धोक्यात येत होते. शेवटी २०२३ साली त्याच राज्याने हवेतून गोळीबाराला परवानगी दिली. फार्मवरच्या बाईंना मी विचारलं, तुमचं मत काय? त्या म्हणाल्या, 'आणले आपण, वापरले आपण, सोडले आपण. आता जे काही करायचं ते त्यांच्याकडे बघत करावं, पाठ फिरवून नव्हे.' यापेक्षा जास्त त्या बोलल्या नाहीत.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात २५ एप्रिल आला. गॅलिपोलीच्या स्मरणार्थ तो दिवस तिथं गावोगावी पाळतात. पहाटे चारला उठून आम्ही घोडे ट्रेलरमध्ये चढवले. जवळच्या गावात चौकातल्या स्मारकाभोवती अंधारात दीड-दोनशे माणसं मुकाट उभी होती. लाइट हॉर्सचा जुना पोशाख केलेले सहा स्वार आले. त्यांच्या मागे एक घोडी बिनस्वाराची, रिकिबीत उलटे अडकवलेले बूट. परत न आलेल्या स्वाराची ती खूण. ती घोडी धरून चालायला माणूस हवा होता. मालकांनी लगाम माझ्या हातात दिला.

घोडी कुमैत होती. कपाळावर चांदणी मात्र नव्हती, उगाच खोटं कशाला सांगू? बिगुल वाजला. मग सलामीच्या फैरी झडल्या. मी दचकलो. घोडीने एक पाय बदलला आणि पुन्हा स्थिर उभी राहिली. तिचा गरम श्वास माझ्या मनगटावर येत होता. तिथं जमलेली माणसं आपापल्या आजोबा-पणजोबांची आठवण काढत होती. त्यांची नावं त्या दगडावर कोरलेली होती. माझ्या आजोबांचं नाव कुठल्याच दगडावर नाही. घोडे सांभाळणाऱ्यांची नावं कोरलेली मी तरी कुठे पाहिली नाहीत. पण त्या दिवशी एका वेलर घोडीच्या डोक्याशी मोतद्दाराच्या जागी मी उभा होतो आणि माझ्यापुरतं ते पुरेसं होतं.

परत आल्यावर माळ्यावरची आबांची पेटी काढली. त्यात त्यांचा खरारा आहे. लोखंडी, दाते झिजलेले, मूठ घामाने काळी पडलेली. इतकी वर्षं मी ती भंगारात का टाकली नाही, कुणास ठाऊक. आता तो माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे, महायुद्धावरच्या ग्रंथांशेजारी.

आबांची माफी मागायची वेळ केव्हाच निघून गेली. म्हणून ही गोष्ट तुम्हाला सांगितली. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस काही अशक्य वाटणारं सांगत असेल, घोड्याचं, गिरणीचं, बोटीचं, दुष्काळाचं, तर त्याला मध्येच थांबवून दुरुस्त करू नका. आधी ऐकून घ्या, जमलं तर तारीख आणि गावाचं नाव विचारून लिहून ठेवा. पुस्तकात ते पान नंतर सापडेल. माझ्यासारखी चाळीस वर्षं लागली तरी सापडेल. पण तोवर सांगणारा समोर बसलेला नसतो.